नेमोनंतरचं रायपूर

रायपुरात मासा म्हणजे रोहू-कतला. समुद्र गाठायचा तर विशाखापट्टणमची गाडी धरायची. अशा गावात केशरी-पांढरा क्लाउनफिश घरोघरी पोचला तो 2003च्या ‘फाइंडिंग नेमो’मुळे. पुढच्या वीसेक वर्षांत इथल्या हौशी मंडळींनी काचेच्या टाक्यांत खारं पाणी कालवलं. लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ, तेही स्वयंपाकाचं नव्हे.

ओळख झाली ती मात्र रंगापुरतीच. दुकानातला ‘नेमो’ बहुधा ऑसेलॅरिस जातीचा असतो आणि खपतो कित्येकदा पर्क्युला या दुसऱ्या जातीच्या नावावर. दोघांच्या अंगावर तीन पांढरे पट्टे, मधला डोक्याकडे फुगलेला. पर्क्युलाच्या पट्ट्यांची काळी किनार बहुतेकदा जाड, ऑसेलॅरिसची अगदी बारीक. खात्री हवी तर पाठीच्या पराचे काटे मोजावेत: ऑसेलॅरिसला सहसा 11, पर्क्युलाला 10. (हलत्या माशाचे काटे मोजायला फोटोच काढावा लागतो.) मुलूखही वेगळा. ऑसेलॅरिस अंदमानपासून फिलिपिन्सपर्यंत, तर पर्क्युला न्यू गिनी, क्वीन्सलंडकडे. तेव्हा ‘अंदमानचा पर्क्युला’ म्हणून कुणी जास्त पैसे मागितले तर सरळ नाही म्हणावं.

दोघंही उथळ प्रवाळात, समुद्रफुलाच्या डंख मारणाऱ्या शुंडकांत राहतात. अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे त्यांना तो डंख बाधत नाही. एका फुलात सर्वांत मोठी ती मादी, तिच्या खालोखाल नर, बाकीची चिल्लीपिल्ली. मादी मेली की नरच मादी होतो; 1977 साली यावर संशोधन प्रसिद्ध झालं होतं. म्हणजे नेमोची आई गेल्यावर बापाचीच आई व्हायला हवी होती! सिनेमावाल्यांनी ते गाळलं, पोरांना समजावण्याचा आपला ताप वाचला.

दरम्यान दक्षिणेतल्या मंडपम, विळिंजम इथल्या केंद्रीय संस्थेच्या संशोधकांनी क्लाउनफिशची पैदास साधली. नवी मुंबईच्या ऐरोलीतही हॅचरी झाली. प्रवाळातून मासे उपसण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. पण हॅचरीत पट्टे तुटलेली, वेडीवाकडी पिल्लंही निपजतात आणि तीच ‘डिझायनर’ म्हणून महाग विकली जातात. त्यांच्यापुढे पट्ट्यांची खूण चालत नाही, काट्यांचाच आधार.

हौस असेल त्यानं हॅचरीचा मासा जरूर आणावा. समुद्रफूल मात्र आणू नये. त्याच्यावाचून मासा टाकीत खुशाल जगतो, अंडीही घालतो. फूल मात्र रायपूरच्या मे महिन्यात वीज गेली, पाणी तापलं की आधी आकसतं. मग मरून सडतं आणि टाकीतल्या माशांनाही घेऊन जातं.