सर्पगंधा : मेंदूतला साठा आटवणारी मुळी

सर्पगंधेच्या मुळीतली खरी करामत रेसर्पिन या अल्कलॉइडची. स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या संशोधकांनी ते १९५२ मध्ये वेगळं केलं. सेरोटोनिन, डोपामिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन ही रसायनं चेतापेशींच्या टोकांशी सूक्ष्म पिशव्यांत साठवलेली असतात. रेसर्पिन त्या पिशव्या भरण्याची वाटच अडवतं. बाहेर राहिलेला माल पेशीतली विकरं मोडून टाकतात आणि साठा आटतो. रक्तदाब उतरतो, तगमग शमते. पण नाक चोंदतं, कंप सुटतो, काहींना नैराश्य घेरतं.

मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबावरचे निष्कर्ष मांडले, तेव्हा पाश्चात्त्य डॉक्टरांचं लक्ष गेलं. (कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी १९३१ मध्येच लिहिलं होतं. ते वाचतो कोण!)

पुढे स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिनने निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा (ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं ते रसायन) टोचलं आणि ससे पुन्हा हिंडू लागले. पार्किन्सनवरच्या उपचाराची दिशा तिथे सापडली. कार्लसन २००० च्या नोबेलचे एक मानकरी ठरले.

परसातली मुळी उगाळून घेण्यात धोका मात्रेचा आहे, कारण मुळीगणिक रेसर्पिनचं प्रमाण बदलतं.