रस्त्याचा हक्क आणि गल्लीतल्या गाड्या

मोहल्ल्यात चोरी झाली, एखाद्या बहिणीच्या गळ्यातली साखळी ओढली गेली किंवा कोणाचा मुलगा नशेच्या नादी लागला, की आपण पोलिसांना दोष देतो आणि बिघडलेल्या जमान्याला बोल लावतो. गल्लीच्या तोंडाशी कित्येक महिने उभ्या असलेल्या, टायर बसलेल्या टेम्पोकडे मात्र आपले लक्ष जात नाही. इशानंतर त्याच टेम्पोच्या आडोशाला मुले बसतात. नशेच्या गोळ्या तिथेच हातोहात फिरतात. क्लासहून परतणाऱ्या मुली तिथे आल्या की पावले भराभर उचलतात. हे घरातल्या बायकांना ठाऊक असते, पण जमातीच्या बैठकीत हा विषय क्वचितच निघतो.

गुन्हा करणाऱ्याला आडोसा हवा असतो, आपल्याला कोणी ओळखू नये असे वाटत असते आणि पळायला वाट हवी असते. दोन्ही बाजूंना गाड्या लागलेली अरुंद गल्ली त्याला हे सारे देते. गाड्यांमागे उभा असलेला माणूस समोरच्या खिडकीतून दिसत नाही. रोज पन्नास परक्या गाड्या उभ्या राहत असतील, तर एकावन्नावी कोणाची हे कोण विचारणार? पोलिसांची गस्तीची गाडी आत शिरू शकत नाही, ती नाक्यावरूनच वळते. मोटारसायकलवरचा चोर मात्र त्याच फटीतून निसटतो. रात्री कोणाला हृदयविकाराचा झटका आला किंवा कुठे आग लागली, तर रुग्णवाहिका आणि अग्निशामक दलाचा बंबही बाहेरच अडकतो.

अमेरिकेतल्या अनेक उपनगरांत मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत परवान्याशिवाय रस्त्यावर गाडी उभी करता येत नाही. त्याचा एक फायदा असा, की रात्री उभी असलेली अनोळखी गाडी गस्तीवरच्या शिपायाच्या लगेच नजरेत भरते. लॉस एंजेलिसच्या एका गरीब वस्तीत चालत्या गाडीतून गोळीबार करणाऱ्या टोळ्यांनी लोकांना हैराण केले होते. १९९० मध्ये पोलिसांनी तिथल्या १४ रस्त्यांवर अडथळे उभारले, म्हणजे गाडी एका बाजूने शिरून दुसरीकडून पळू शकणार नाही. हे पार्किंगचे बंधन नव्हते, वाहतुकीचे होते. पण धडा तोच आहे. पुढची दोन वर्षे तिथे खून आणि मारहाण कमी झाली. योजना थांबली, तसे गुन्हे पुन्हा वाढले. रस्त्याची मांडणी बदलल्याने माणसाचे मन बदलत नाही, पण वाईट कामाची संधी नक्कीच कमी होते.

आपल्या दीनने तर रस्त्याला हक्क दिला आहे. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी सहाबांना रस्त्यावर बसण्यापासून रोखले. आम्हाला बसायला दुसरी जागा नाही, असे सहाबांनी सांगितले, तेव्हा पैगंबरांनी रस्त्याचा हक्क अदा करण्याची अट घातली: नजर खाली ठेवणे, कोणाला त्रास न देणे, सलामचे उत्तर देणे, भल्या गोष्टी सांगणे आणि वाईटापासून रोखणे. रस्त्याच्या रुंदीवरून वाद झाला तर सात हात रस्ता सोडावा, असा निवाडाही हदीसमध्ये आहे. वाटेतली त्रासदायक वस्तू दूर करणे ही तर ईमानची एक शाखा आहे. काटा उचलण्यात पुण्य असेल, तर दुसऱ्याच्या दारात आडवी लावलेली आपली गाडी बाजूला घेण्यात किती असेल, याचा विचार आपणच करावा. जुम्याच्या दिवशी मशिदीबाहेर गाड्या कशा लागतात, हेही एकदा पाहावे.

कायदाही आपल्या बाजूने आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२७ नुसार, सार्वजनिक जागी बेवारस किंवा १० तास वा त्याहून अधिक वेळ सोडून दिलेली गाडी उचलून नेण्याचा आदेश गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो. कलम ११७ प्रमाणे, गाड्या कुठे आणि किती वेळ उभ्या करायच्या हे स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवता येते. पुण्यासारख्या शहरांत काही रस्त्यांवर सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला पार्किंग असते. अशा ठिकाणी प्रत्येक गाडी रोज हलवावीच लागते. जी हलत नाही, ती कोणाची हा प्रश्न आपोआप पुढे येतो.

पण इथे सावध राहायला हवे. आपल्या वस्त्यांत रिक्षा आणि छोटा टेम्पो ही कित्येक घरांची रोजी असते. रात्री ती गाडी ठेवायला त्या भावाकडे दुसरी जागा नसते. सरसकट बंदी आली, तर दंड त्याच्या मुलांच्या घासातून जाईल आणि मालदाराची मोटार इमारतीच्या आवारात आरामात राहील. हा इन्साफ नव्हे. फळांची गाडी लावणाऱ्या चाचांनाही हटवण्याची घाई नको. सतत जागे असलेले दुकानदार, फेरीवाले आणि उंबऱ्यावर बसलेल्या आजीबाई हेच गल्लीचे खरे पहारेकरी असतात. गल्लीतला आडोसा हटवायचा आहे, माणसे नव्हेत.

म्हणून नियम वरून लादला जाण्याआधी आपणच बसून ठरवावा. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी पुढे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. लोक आणि पोलीस एका सतरंजीवर बसले की काय घडते, हे महाराष्ट्राने तिथे पाहिले. तशाच बैठकीत गाड्यांचा प्रश्नही सुटू शकतो. आधी गल्लीतल्या गाड्यांची यादी करावी. ज्यांचा मालक सापडेल, त्याला प्रेमाने सांगावे. बेवारस गाड्यांसाठी वाहतूक पोलिसांकडे आणि नगरपालिकेकडे लेखी अर्ज द्यावा. गल्लीची तोंडे, वळणे, दिव्याचे खांब आणि शाळा-मदरशांचे दरवाजे मोकळे ठेवावेत. रिक्षा-टेम्पोंसाठी रात्री शाळेचे पटांगण किंवा एखादी मोकळी जागा मिळते का, ते विश्वस्तांना विचारावे. या बैठकीला आपल्या बहिणींनाही बोलवावे, कारण कोणत्या कोपऱ्यावर भीती वाटते हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

एवढ्याने चोरी आणि नशा पूर्ण थांबेल, असा आमचा दावा नाही. मुलांना काम हवे, शिक्षण हवे, घरात बाप-लेकांचे बोलणे हवे. पण गल्ली मोकळी करणे आपल्या हातात आहे आणि त्याला फारसा पैसाही लागत नाही. येत्या जुम्याच्या नमाजनंतर पाच-सात जणांनी मिळून गल्लीतून एक फेरी मारावी आणि कामाला लागावे. अल्लाह आपल्या मोहल्ल्यांना अमन देवो, आमीन.