मॉडेल विमानातील मोटरचा शक्तिऱ्हास

मॉडेल विमानातील मोटरचा शक्तिऱ्हास म्हणजे रेडिओ-नियंत्रित किंवा स्वयंचलित मॉडेल विमानाच्या विद्युत मोटरकडून उड्डाणादरम्यान अपेक्षेपेक्षा कमी जोर मिळणे अथवा मोटर पूर्णपणे थांबणे होय. विमान ऑटोपायलटच्या ताब्यात असताना यंत्रणेने स्वतःहून थ्रॉटल कमी केला आहे की मोटरने आदेश पाळलेला नाही, हे जमिनीवरून पाहून सांगता येत नाही. त्यामुळे दोषनिदानाची सुरुवात या दोन शक्यता वेगळ्या करण्यापासून केली जाते.

रचना

अशा विमानात ऊर्जा लिथियम-पॉलिमर बॅटरीतून इलेक्ट्रॉनिक वेगनियंत्रकाकडे (ईएससी), तेथून तीन तारांवाटे ब्रशलेस मोटरकडे आणि शेवटी प्रोपेलरकडे जाते. थ्रॉटलचा आदेश ऑटोपायलटकडून वेगनियंत्रकाला साधारणपणे १००० ते २००० मायक्रोसेकंद रुंदीच्या स्पंदांच्या रूपात मिळतो. अनेक वेगनियंत्रकांतच रिसीव्हर व सर्व्हो यांना सुमारे ५ व्होल्ट पुरवणारे मंडल (बीईसी) असते. मोटर थांबली तरी विमान वळवता यावे, म्हणून बॅटरी उतरू लागल्यावर वेगनियंत्रक आधी मोटरचा पुरवठा तोडतो आणि हा पुरवठा चालू ठेवतो.

कारणे

बॅटरी

लिथियम-पॉलिमर घटाचा विद्युतदाब पूर्ण भारित असताना ४.२ व्होल्ट असतो. तो ३.० व्होल्टच्या खाली गेल्यास घटाचे कायमचे नुकसान होऊ शकते. बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. उदाहरणार्थ, तीन घटांच्या बॅटरीत प्रत्येक घटाचा रोध २० मिलिओहम असेल, तर ४० अँपिअर प्रवाहाला दाब २.४ व्होल्टने घटतो. विश्रांत अवस्थेत ११.४ व्होल्ट दाखवणारी ही बॅटरी चढाईच्या वेळी ९.० व्होल्टवर, म्हणजे प्रतिघट ३.० व्होल्टवर येते आणि वेगनियंत्रक मोटर तोडतो. विमान उतरल्यावर मोजणी केली असता पुन्हा ११.४ व्होल्टच्या आसपास दाब दिसतो व बॅटरी निर्दोष असल्याचा गैरसमज होतो. सैल कनेक्टर किंवा कच्चे डाखकाम यांचाही परिणाम असाच होतो. मात्र अशा वेळी तो सांधा गरम झालेला आढळतो.

वेगनियंत्रक आणि मोटर

वेगनियंत्रकाला पुरेशी हवा न मिळाल्यास उष्णतेपासून संरक्षणासाठी तो शक्ती कमी करतो. थ्रॉटलची किमान व कमाल मर्यादा त्याला शिकवलेली (कॅलिब्रेशन) नसल्यास पूर्ण आदेश देऊनही मोटर पूर्ण वेग घेत नाही. थ्रॉटल एकदम वाढवल्यावर मोटर किंचाळल्यासारखा आवाज करून अडखळत असेल, तर वेगनियंत्रक व मोटर यांचा ताल सुटल्याची शक्यता असते. तीनपैकी एक तार तुटल्यास मोटर फिरण्याऐवजी थरथरते.

प्रोपेलर

प्रोपेलर उलटा बसवल्यास, त्याचे पाते तुटल्यास किंवा पकड सैल होऊन तो दांड्यावर घसरल्यास मोटर फिरत असूनही जोर मिळत नाही.

ऑटोपायलट

काही वेळा मोटर निर्दोष असते आणि आदेशच कमी दिलेला असतो. कमाल थ्रॉटलची मर्यादा कमी ठेवलेली असणे, बॅटरी किंवा रेडिओसंकेताविषयीची आपत्कालीन व्यवस्था (फेलसेफ) कार्यान्वित होणे ही याची नेहमीची कारणे आहेत. आर्डुपायलट या प्रणालीत वॅटमध्ये कमाल शक्ती ठरवून देण्याची सोय असून ती ओलांडल्यास थ्रॉटल आपोआप मर्यादित केला जातो. हवेतील वेग मोजणाऱ्या पिटोट नळीचे तोंड बंद झाल्यास आतील दाब अडकून राहतो, तर बाहेरील दाब चढाईबरोबर घटतो. परिणामी वेग वाढल्याचा खोटा आकडा मिळतो आणि ऑटोपायलट थ्रॉटल कमी करून नाक वर उचलतो. अशा वेळी विमान उचल गमावून कोसळण्याचा धोका असतो.

नोंदींवरून निदान

ऑटोपायलटच्या नोंदींतील (लॉग) थ्रॉटलचा आदेश, विद्युतप्रवाह व विद्युतदाब एकाच वेळरेषेवर पाहिल्यास दोषाचे स्थान बरेच निश्चित होते.

• आदेश कमी असल्यास: सेटिंग, फेलसेफ किंवा वेगसंवेदक.
• आदेश जास्त, प्रवाह जास्त आणि दाब घसरत असल्यास: बॅटरी किंवा तिच्याकडील सांधे.
• आदेश जास्त, प्रवाह कमी आणि दाब स्थिर असल्यास: वेगनियंत्रक, मोटरच्या तारा, कॅलिब्रेशन किंवा घसरणारा प्रोपेलर.
• आदेश व प्रवाह दोन्ही जास्त, दाब स्थिर, तरी जोर कमी असल्यास: उलटा बसवलेला प्रोपेलर किंवा मोटरमधील बिघाड.
• नोंद हवेतच अचानक संपल्यास: ऑटोपायलटचाच वीजपुरवठा खंडित.

उड्डाणातील कृती

शक्ती गेल्यावर उंचीपेक्षा वेग टिकवणे महत्त्वाचे असते. वेगसंवेदक नसलेला ऑटोपायलट ठरलेली उंची राखण्यासाठी नाक वर धरून ठेवू शकतो. म्हणून चालक ताबा स्वतःकडे घेतो, नाक किंचित खाली ठेवून विमान तरंगत नेतो आणि कमी उंचीवर तीव्र वळण टाळून समोरच्या मोकळ्या जागेत उतरवतो.

जमिनीवरील चाचणी

आदेश व कॅलिब्रेशन यांची तपासणी प्रोपेलर काढूनच केली जाते. बॅटरीची चाचणी मात्र भाराखालीच अर्थपूर्ण ठरते. त्यासाठी प्रोपेलर बसवून विमान घट्ट बांधले जाते, प्रोपेलरच्या समोर व त्याच्या फिरण्याच्या प्रतलात कोणालाही उभे राहू दिले जात नाही आणि पूर्ण थ्रॉटलवर काही सेकंद दाब व प्रवाह मोजले जातात. कारण सापडेपर्यंत विमान पुन्हा उडवले जात नाही. जमिनीवर एकदा व्यवस्थित चाललेली मोटर हा दोष दूर झाल्याचा पुरावा मानला जात नाही.