लकवा, फुटलेली नस आणि बारीक नळी

नागपुरात रामदासपेठ आणि धंतोलीच्या दवाखान्यांसमोर चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, छिंदवाड्याच्या गाड्या उभ्या असतात. त्यांतून आलेल्या नातेवाइकांना, मेंदूच्या नसेचे ऑपरेशन ‘नळीने करू’ असे डॉक्टर म्हणाले की हायसे वाटते: डोके उघडणार नाहीत, म्हणजे ऑपरेशन किरकोळच.

ते किरकोळ नसते. मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून नळी सरकवत, एक्स-रेच्या पडद्यावर मार्ग बघत मेंदूपर्यंत जायचे. तिथल्या धमन्या जेमतेम दोन-चार मिलिमीटरच्या आणि पातळ भिंतीच्या. नस फाटू शकते, गुठळी सुटून लकवाही येऊ शकतो. तरीही ही वाट स्वीकारली जाते, कारण तिच्यामागे पुरावा आहे. धमनीवरचा फुगा फुटलेल्या २१४३ रुग्णांची मोठी चाचणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. फुग्यात प्लॅटिनमची तार भरलेल्यांपैकी वर्षभराने दगावलेले किंवा परावलंबी झालेले २३.७ टक्के होते, तर कवटी उघडून चिमटा लावलेल्यांत ३०.६ टक्के. मात्र हे सगळे रुग्ण दोन्ही उपचार चालू शकतील असे होते. प्रत्येक फुगा तसा नसतो, आणि तार भरलेला फुगा पुन्हा उघडतोय का, हे पुढे तपासत राहावे लागते.

गुठळीने नस बंद होऊन लकवा येतो, तेव्हा सर्वांत घातक गैरसमज वेळेबद्दलचा असतो. ‘साडेचार तास उलटले, आता नेऊन काय उपयोग?’ साडेचार तासांची साधारण मर्यादा आहे ती गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची. मोठी धमनी बंद झाली असेल, तर नळीने गुठळी ओढून काढता येते, हे २०१५ मधल्या चाचण्यांनी दाखवले. २०१८ मध्ये ‘डॉन’ चाचणी छापून आली. तिच्यात ६ ते २४ तासांनी आलेले, पण स्कॅनमध्ये मेंदूचा बराच भाग वाचलेला दिसणारे रुग्ण होते. गुठळी काढलेल्यांपैकी ४९ टक्के तीन महिन्यांनी स्वतःचे स्वतः करू लागले होते. नुसत्या औषधांवर हे प्रमाण १३ टक्के होते. झोपेतून उठताना तोंड वाकडे दिसले, तर माणूस शेवटचा धडधाकट केव्हा दिसला, तिथून वेळ मोजतात.

म्हणून २४ तास निवांत बसायला मिळाले, असे कोणी समजू नये. मोठी धमनी बंद असताना मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतल्या ८६ गावांत २०११ ते २०१३ दरम्यान झालेले १५९९ मृत्यू तपासले. त्यांतले २२९ पक्षाघाताने झाले होते, इतर कुठल्याही कारणापेक्षा जास्त. आणि या रुग्णांपैकी ८७ टक्के घरीच दगावले. मला हा आकडा सगळ्या चाचण्यांपेक्षा जड वाटतो. गडचिरोलीहून नागपूर सुमारे १७० किलोमीटर आहे. वाटेत तीन दवाखाने फिरण्याऐवजी १०८ ला फोन करावा आणि सीटी स्कॅन असलेले ठिकाण आधी गाठावे. नस बंद झाली की फुटली, हे स्कॅनशिवाय कळत नाही. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी घरीच देऊ नये.

‘रक्तवाहिनीत दोष दिसला की लगेच बंद करून टाका,’ हेही सरसकट खरे नाही. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा न फुटलेला गुंता असलेल्या रुग्णांवरची ‘अरुबा’ चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. औषधे आणि देखरेख एवढ्यावरच ठेवलेल्यांपैकी १०.१ टक्क्यांना पक्षाघात किंवा मृत्यू आला, हस्तक्षेप ठरलेल्यांपैकी ३०.७ टक्क्यांना. पाठपुरावा सरासरी सुमारे तीनच वर्षांचा होता, त्यामुळे तज्ज्ञांत वाद आहेत. पण घाई करू नये, एवढे तरी त्यातून ठरते. रक्तस्राव होऊन गेलेल्या गुंत्याची गोष्ट वेगळी.

मणक्यातल्या रक्तवाहिन्यांकडे तर कोणाचे लक्षच जात नाही. पन्नाशीनंतर, बहुधा पुरुषाचे, पाय हळूहळू जड होतात, मुंग्या येतात, पुढे लघवी अडते. घरचे म्हणतात, गादी सरकली. बहुतेकदा तसे असतेही. पण क्वचित मज्जारज्जूच्या आवरणात धमनी थेट शिरेला जोडली गेलेली असते. शिरेतला दाब वाढतो, रक्त तुंबते आणि मज्जारज्जू सुजतो. एमआरआयमध्ये ही सूज आणि मागच्या बाजूला काळे ठिपके दिसले, तर अँजिओग्राफी करून जोड शोधावा लागतो. तो नळीतून गोंद सोडून बंद करता येतो. पण गोंद शिरेपर्यंत पोचला नाही, तर जोड पुन्हा उघडतो. म्हणून इथे छोटी शस्त्रक्रियाच अनेकदा अधिक पक्की ठरते. अशा रुग्णाला स्टेरॉइड दिल्यास पाय आणखी लुळे पडू शकतात. जोड बंद झाल्यावर चालणे सुधारण्याची शक्यता बरीच असते, लघवीवरचा ताबा परतण्याची कमी. तो जाण्याआधीच एमआरआय व्हायला हवा.