पुतळी, अशरफी आणि अमेरिकेचा ‘डबल ईगल’

धाराशिव तालुक्यातल्या बेंबळीत जुनं सोन्याचं नाणं पाहायचं असेल, तर एखाद्या घरची जुनी पुतळ्यांची माळ बघावी. आता मराठी घरांतली मुलं अमेरिकेत आहेत, त्यामुळे तिकडची जुनी सोन्याची नाणी घ्यावीत का, हा प्रश्न इथल्या गावांपर्यंतही पोचतो. मला विचाराल तर सुरुवात घरच्या माळेपासून करावी. नाणं ओळखायची नजर तिथेच फुकट तयार होते.

या भागातलं परदेशी सोनं

परकी नाणी आपल्याकडे नवी नाहीत. याच तालुक्यातलं तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात ते पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलं आहे. रोमशी चाललेल्या व्यापाराच्या खुणा तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात आजही पाहता येतात. पुढे १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. तिथली सोन्याची अशरफी ११.१८ ग्रॅमची, म्हणजे तोळ्याला जराशी कमी. विसाव्या शतकातल्या अशरफीवर चारमिनार आहे. ब्रिटिश पौंड ७.९९ ग्रॅमचा, २२ कॅरेटचा. १९१८ साली तो मुंबईच्या टांकसाळीतही पाडला गेला. घोड्यावरच्या सेंट जॉर्जच्या खाली, जमिनीच्या रेषेवर बारीक ‘आय’ हे अक्षर दिसलं, की तो मुंबईचा.

पुतळी जवळून

पुतळीचं मूळ व्हेनिसचं. तिथलं डुकाट हे नाणं १२८४ साली सुरू झालं आणि नेपोलियनने १७९७ मध्ये ते गणराज्य संपवलं, तोवर त्याचं रूप फारसं बदललं नाही. वजन साधारण साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शुद्ध. एका बाजूला संत मार्क उभा आणि त्याच्यासमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा राज्यप्रमुख. दुसऱ्या बाजूला लंबगोलात येशू आणि भोवती तारे. आपल्या लोकांनी त्या दोन आकृतींत राम-सीता पाहिले आणि नाणं थेट गळ्यात घातलं. मागणी वाढली तसे इथले सोनारही पुतळ्या पाडू लागले.

भिंग धरून कडेची अक्षरं बघा. व्हेनिसच्या नाण्यावर लॅटिन अक्षरं सलग वाचता येतात. इथल्या पुतळीवर त्यांच्या नुसत्या उभ्या-आडव्या रेघा उरतात, कारण साचा कोरणाऱ्याला ती लिपी येत नव्हती. अशा पुतळीला लगेच खोटी म्हणू नये. ती दागिना म्हणूनच घडवली गेली, तिचं सोनंही बहुधा चोख असतं. संग्राहक मात्र दोन्हींना वेगळा भाव देतो. शिवाय माळेसाठी कडी डाखलेली असली, तर अस्सल डुकाटचंही नाणं म्हणून मोल बरंच उतरतं.

अमेरिकी नाणी

अमेरिकेने १७९२ साली नाण्यांचा कायदा केला आणि १७९५ पासून सोन्याची नाणी पाडली. दहा डॉलरचं नाणं ‘ईगल’, पाचाचं ‘हाफ’, अडीचचं ‘क्वार्टर’. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं, त्याचा इतका पूर आला की वीस डॉलरचं ‘डबल ईगल’ काढावं लागलं. त्याचं वजन ३३.४४ ग्रॅम, आपल्या हिशेबात पावणेतीन तोळ्यांहून थोडं जास्त. त्यात सोनं ९० टक्के, बाकी मुख्यतः तांबं. म्हणून रंग पुतळीपेक्षा लालसर.

जुनं ‘ईगल’ आणि १९८६ पासून निघालेलं ‘अमेरिकन ईगल’ यांत गल्लत करू नका. नवं नाणं मुख्यतः गुंतवणुकीसाठी असतं, त्याचा भाव सोन्याच्या भावामागे चालतो.

जुन्यांतही सगळी दुर्मीळ नाहीत. एप्रिल १९३३ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी लोकांकडचं सोनं सरकारजमा करायचा हुकूम काढला. संग्राहकांच्या दुर्मीळ नाण्यांना त्यातून सूट होती, पण बाकीची पुष्कळ नाणी पुढे वितळवली गेली. त्याच वर्षी पाडलेली ४,४५,५०० डबल ईगल व्यवहारात आलीच नाहीत. त्यांतलं खासगी मालकीला कायदेशीर मान्यता असलेलं एक नाणं २०२१ मध्ये सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरला विकलं गेलं. ही बातमी वाचून कुणी वीस डॉलरचं साधं नाणं चढ्या भावाने घेत असेल, तर त्याला थांबवावं. १९०४ सालची डबल ईगल लाखोंनी पाडली गेली आणि अजूनही सहज मिळतात.

खरं-खोटं

घरी करता येईल अशी एक परीक्षा आहे. सोनाराच्या वजनकाट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. डबल ईगल असेल तर काटा १.९५ ग्रॅमच्या आसपास दाखवेल. तेवढ्याच वजनाची पितळी चकती त्याच्या जवळपास दुप्पट दाखवते.

पण ही परीक्षा सोन्याची झाली, नाण्याची नव्हे. १९५० ते ७० च्या काळात बैरूतकडे पौंड आणि अमेरिकी नाण्यांच्या नकला पुऱ्या सोन्यात पाडल्या गेल्या. तिथे काटा काय करणार? शिवाजी महाराजांच्या होनाच्या बाबतीत तर अधिकच जपायला हवं. त्याचे अस्सल नमुने फारच थोडे आणि नकलांना तोटा नाही. जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. ज्याला हा नाद लागलाय त्याने तिथे एक फेरी मारावी.

नवरात्राच्या आधी दागिने रिठ्याने धुतात, तसं संग्रहातलं नाणं चुकूनही घासू नका. वर्षानुवर्षांचा मंद तजेला एकदा गेला की परत येत नाही, आणि किंमत ठरवताना तोच पाहतात.

कायदा

शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत येतं. अशा नाण्यांच्या धंद्याला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. आजीची पुतळी नातवाला अमेरिकेत पाठवायची असेल तर हे आधी लक्षात घ्या. उलट तिकडून येणाऱ्याने नाणी विमानतळावर जाहीर करावीत. सोन्यावरची करमाफी फक्त दागिन्यांना आहे, नाण्यांना नाही.

शेतात नाणी सापडली तर १८७८ चा गुप्तधन कायदा लागू होतो. दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. शंभर वर्षांपूर्वी पुरलेलं, बेवारस ठरलेलं धन सरकारने स्वतःकडे घेतलं, तर त्यातल्या ऐवजाची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देण्याची तरतूद आहे. बेवारस धनाच्या वाटणीत, आधी काही ठरलेलं नसेल, तर बारा आणे सापडणाऱ्याचे, चार आणे जमीनमालकाचे. म्हणजे ‘नांगराला हंडा लागला, गुपचूप स्वस्तात देतो’ म्हणणाऱ्याकडचा माल खरा असला तरी बेकायदा. बहुधा तो खराही नसतो: पहिलं नाणं अस्सल दाखवतात, पिशवीभर निघतं ते पितळ.