ब्लॉक तोच, इंजिन मोठं

स्ट्रोकर इंजिनात ब्लॉक जुनाच राहतो, क्रँकशाफ्ट बदलतो. क्रँकपिन मध्यापासून 3 मि.मी. लांब गेली की स्ट्रोक 6 मि.मी.ने वाढतो.

गाजलेलं उदाहरण शेव्हरोलेच्या 350 घनइंची व्ही-8चं. तिचा स्ट्रोक 88.4 मि.मी. त्यात 400 इंजिनाचा 95.25 मि.मी. स्ट्रोकचा क्रँक, मेन जर्नल ग्राइंड करून, बसवतात. बोअर पाऊण मि.मी. वाढवला की होतात 383 घनइंच, सुमारे 6.3 लिटर.

6,000 आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 17.7 वरून 19 मीटरवर जातो. त्यामुळे ओतीवपेक्षा घडीव क्रँकच घ्यावा; 1961मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत फोर्जचं नाव याच कामात मोठं. जुळणी करताना क्रँक हातानं पूर्ण फिरवून बघायलाच हवा: कनेक्टिंग रॉडचा बोल्ट ब्लॉकच्या कडेला घासत असेल, तर तिथं ब्लॉक घासून जागा करावी लागते.