बहुरूपी हिवताप

पाऊस ओसरला, मका घरात आला, कापूस वेचणीला लागला की आमच्या बाग परिसरात हिवतापाचे दिवस सुरू होतात. बाघिनी नदीची धार बारीक होते, वाळूत आणि खडकांच्या खळग्यांत स्वच्छ पाणी साचून राहते, आणि अशाच पाण्यात हिवतापाचा डास अंडी घालतो. गुजरातेत मजुरीला गेलेली माणसे सणाला घरी येतात, तीही कधी कधी अंगात ताप घेऊनच.

मागे असाच एक तरुण हुडहुडी भरून आला. रक्त तपासले, व्हायवॅक्स जातीचा हिवताप निघाला, औषध मिळाले. चौथ्या दिवशी तो शेतात दिसला. उरलेल्या गोळ्या त्याने डब्यात ठेवून दिल्या होत्या. ‘‘फादर, ताप उतरला. आता गोळ्या कशाला वाया घालवायच्या?’’ दोन महिन्यांनी तो पुन्हा अंथरुणाला खिळला. ‘गरज सरो, वैद्य मरो’ असे हिवतापात वागले तर ते रोग्याच्याच अंगाशी येते. असे का, ते समजून घेऊ.

फाल्सिपेरम हा हिवतापाचा सर्वांत घातक जंतू. त्याच्याजवळ सुमारे 5,300 जनुके आहेत, असे 2002 साली प्रसिद्ध झालेल्या आराखड्यातून कळले. जनुक म्हणजे पेशीतील लेखी सूचनाच. आपण नांगर, तिफण आणि विळा एकाच दिवशी बाहेर काढीत नाही. तसाच हा जंतूही सगळी जनुके एकदम चालवीत नाही. तांबड्या रक्तपेशीत शिरल्यापासून ती फोडून बाहेर पडेपर्यंत त्याला सुमारे 48 तास लागतात. तेवढ्या वेळात त्याची जनुके ठरलेल्या क्रमाने चालू आणि बंद होतात. हे 2003 साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत दाखवून दिले.

यांपैकी सुमारे 60 जनुके म्हणजे बहुरूप्याचे पेटारेच! प्रत्येकात वेगळा वेष. पण एका वेळी जंतू एकच अंगावर घालतो. हा वेष रक्तपेशीच्या बाहेर डोकावतो आणि रक्तवाहिनीच्या अस्तराला चिकटतो. त्यामुळे ती पेशी पाणथरीत जाऊन नष्ट होण्याचे टळते. आपले शरीर एक वेष ओळखून मारा करू लागते, तोवर काही जंतूंनी दुसरा चढवलेला असतो.

कोणता वेष, यावर रोग्याचा जीव अवलंबून असू शकतो. गोवा मेडिकल कॉलेजात दाखल झालेल्या प्रौढ रुग्णांच्या रक्तावर असा अभ्यास झाला. तो 2016 साली प्रसिद्ध झाला. अत्यवस्थ रुग्णांच्या अंगात जंतूंचा भार फार मोठा होता, आणि रक्तवाहिनीच्या अस्तराला विशिष्ट रीतीने चिकटणाऱ्या वेषांची जनुके त्यांत अधिक चालू होती. आणखी एक वेष फक्त गर्भवतीच्या वारेला चिकटतो. पहिलटकरणीच्या शरीराने तो कधी पाहिलेला नसतो, म्हणून तिला आणि बाळाला धोका जास्त.

याशिवाय काही जंतूंत एक वेगळेच जनुक चालू होते. ते जंतू रक्तात वाढण्याचे सोडून नर-मादी रूप घेतात आणि डासाची वाट पाहतात. ताप नसलेला माणूसही अशा वेळी शेजाऱ्याला रोग देऊ शकतो. व्हायवॅक्सची तऱ्हा आणखी निराळी. त्याचे काही जंतू यकृतात जवळजवळ सगळे कामकाज थांबवून निजून राहतात आणि आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जागे होतात. रक्तातील जंतू मारणारे औषध त्यांच्यापर्यंत पोचत नाही. त्यासाठीच प्रायमाक्विनच्या 14 दिवसांच्या गोळ्या असतात. आमच्या तरुणाने डब्यात ठेवल्या त्या नेमक्या याच!

तेव्हा बंधू-भगिनींनो, एवढे कटाक्षाने पाळा :

ताप आला की त्याच दिवशी आशा कार्यकर्तीकडे किंवा दवाखान्यात रक्त तपासून घ्या. तपासल्याशिवाय गोळी नको.

दिलेले औषध पूर्ण घ्या. उरलेली गोळी दुसऱ्याला देऊ नका.

प्रायमाक्विन गर्भवतीने आणि तान्ह्या बाळाने घ्यायचे नसते. ते घेताना लघवी काळसर झाली तर गोळी थांबवा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा. काहींच्या रक्ताला ते सोसत नाही.

शुद्ध हरपणे, झटके, धाप, वारंवार उलट्या, लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी रुग्णाला इस्पितळात न्या. झाडपाल्यात वेळ घालवू नका.

गर्भवती आणि मुले यांना आधी मच्छरदाणी द्या. शेतावर राखणीला झोपणाऱ्यानेही ती बरोबर न्यावी.

त्या तरुणाने दुसऱ्या खेपेला चौदाही गोळ्या घेतल्या. त्याची आई रोज संध्याकाळी जेवणानंतर एक गोळी हातावर ठेवी आणि भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढी. चौदा रेघा पुऱ्या झाल्यावरच तिने डबा धुऊन टाकला. आपल्या घरातही अशा रेघा ओढायला काय हरकत आहे?